संगणकाला फक्त राउटरपर्यंतच दिसतं

लॅपटॉपला वायर लावायची आणि वाय-फायही चालू ठेवायचं, म्हणजे दोन्हींचा वेग मिळून नेट दुप्पट पळतं, असं मानणारे पुष्कळ आहेत. तसं होत नाही. दोन्ही जोडण्या जिवंत असतात, दोन्हींना राउटरकडून वेगवेगळे पत्ते मिळालेले असतात, पण बाहेर जाणारी जवळजवळ सगळी वाहतूक एकीवरूनच जाते आणि दुसरी नुसती बसून राहते. कोणती धावायची आणि कोणती बसायची, हे एका आकड्यावर ठरतं. तो आकडा बहुतेकांनी कधी पाहिलेलाही नसतो.

प्रत्येक संगणकात रस्त्यांचा एक छोटा तक्ता असतो. अमुक पत्त्यांकडे जायचं असेल तर अमुक जोडणीवरून जा, अशा त्यात नोंदी असतात, आणि एक नोंद बाकीच्या सगळ्या जगासाठी असते. तिला डीफॉल्ट रूट म्हणतात. वायर आणि वाय-फाय दोन्ही चालू असले की अशा दोन नोंदी होतात आणि पेच पडतो. तो सोडवायला प्रत्येक नोंदीला मेट्रिक नावाचा आकडा चिकटवलेला असतो. ज्याचा आकडा लहान, त्याचा रस्ता घ्यायचा. लिनक्समधला नेटवर्कमॅनेजर हा कार्यक्रम वायरला १०० आणि वाय-फायला ६०० देतो. विंडोज हा आकडा जोडणीच्या नोंदलेल्या वेगावरून काढतं. गिगाबिट वायरला तिथे बहुधा २५ मिळतात. मॅकमध्ये आकड्यांऐवजी सरळ एक क्रमवारी असते आणि ती वापरणाऱ्याला वरखाली करता येते.

या तिघांपैकी कोणीही इंटरनेटचा खरा वेग मोजून निवड करत नाही. विंडोज पाहतं तो वेग संगणक आणि राउटर यांच्यामधला. त्या राउटरच्या मागे फायबर आहे की कुठल्याशा जुन्या लाइनीवरचं रडतखडत चालणारं कनेक्शन आहे, याचा त्या आकड्याशी काही संबंध नाही. संगणकाला फक्त राउटरपर्यंतचं दिसतं. पुढचं सगळं तो गृहीत धरतो. नेटच्या बाबतीत घरोघरी आणि कचेऱ्यांत जे बुचकळ्यात टाकणारे प्रकार होतात, त्यातले निम्मेअधिक या एका आंधळेपणातून निघतात असं माझं मत आहे.

या गृहीतकाची गंमत फोनच्या बाबतीत चांगली कळते. फोन यूएसबी केबलनं लॅपटॉपला जोडून टेदरिंग चालू केलं, की संगणकाला ती जोडणी इथरनेट म्हणून दिसते. विंडोजच्या यादीत ती ‘इथरनेट ३’ अशा काहीतरी नावानं उभी राहते. लिनक्सही तिला वायरच समजतं आणि शंभराच्या आसपासचा आकडा देतं. वायर ती आहेच, पण दोन हात लांबीची; तिथून पुढे सगळा प्रवास मोबाइल टॉवरकडे हवेतून होतो. त्यामुळे घरात फायबरचं उत्तम वाय-फाय चालू असताना टेदरिंगही चालू राहिलं, तर लॅपटॉप मुकाट्यानं फोनचा डेटा संपवायला लागतो. रोजच्या दीड जीबीच्या पॅकवर असलेल्या माणसाला हे दुपारी कळतं. विंडोजमध्ये त्या जोडणीच्या प्रॉपर्टीजमध्ये, इंटरनेट प्रोटोकॉल आवृत्ती ४ च्या ॲडव्हान्स्ड खिडकीत, ‘ऑटोमॅटिक मेट्रिक’ची खूण काढून आपला आकडा लिहिता येतो. वाय-फायपेक्षा मोठा आकडा दिला की काम झालं.

वायरला हे झुकतं माप मिळालंय ते मात्र विनाकारण नाही. त्यामागे पन्नास वर्षांचा इतिहास आहे, आणि तो थोडा उलटा आहे, कारण आधी आलं ते बिनतारी. १९७१ मध्ये हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रामसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अलोहानेट सुरू केलं. वेगवेगळ्या बेटांवरची टर्मिनलं रेडिओवरून मुख्य संगणकाशी बोलत. सगळ्यांना मिळून एकच लहर होती. ज्याला पाठवायचंय त्यानं पाठवावं. दोघांचे संदेश एकमेकांवर आदळून खराब झाले, तर दोघांनीही यदृच्छेनं ठरलेला वेळ थांबून पुन्हा पाठवावं, एवढाच नियम. कॅलिफोर्नियात झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात बॉब मेटकाफ यांनी ही कल्पना उचलली, सुधारली आणि जाड केबलमध्ये उतरवली. त्यांच्या २२ मे १९७३ च्या टिपणात माध्यम म्हणून केबलबरोबर रेडिओ आणि टेलिफोनच्या लाइनीही होत्या. डेव्हिड बॉग्ज यांच्यासोबत त्यांनी उभारलेलं पहिलं इथरनेट सेकंदाला २.९४ मेगाबिटनं चालायचं. एकाच केबलवर सगळे संगणक लोंबकळत. बोलण्याआधी ऐकायचं आणि टक्कर झाली की थांबायचं.

पुढे वायरनं ही सामाईक मालकी सोडून दिली. १९९० मध्ये पिळलेल्या जोड्यांच्या साध्या केबलवर चालणारं दहा मेगाबिटचं इथरनेट प्रमाणित झालं, मधोमध आधी हब आणि नंतर स्विच आला, आणि प्रत्येक संगणकाला स्वतःची स्वतंत्र केबल मिळाली. जाणं आणि येणं एकाच वेळी होऊ लागलं. टक्कर होण्याचा प्रश्नच मिटला. आज तुमच्या टेबलाखालून जाणाऱ्या केबलवर फक्त दोघंच असतात, तुमचा संगणक आणि पलीकडचं पोर्ट.

वाय-फायला ही चैन परवडत नाही, कारण हवा सगळ्यांची एकच आहे. १९९७ मध्ये आलेल्या पहिल्या प्रमाणाचा वेग दोन मेगाबिट होता, आज खोक्यावर हजारांतले आकडे छापतात, पण मूळ शिस्त बदललेली नाही. एका चॅनेलवरची सगळी उपकरणं म्हणजे एकाच माइकवर चालणारी सभा आहे. एका वेळी एकानंच बोलायचं. रेडिओला आणखी एक अडचण आहे: स्वतः प्रक्षेपण करत असताना त्याला दुसऱ्याचं क्षीण बोलणं ऐकू येत नाही, त्यामुळे टक्कर झाली की नाही हे त्याचं त्याला कळत नाही. म्हणून पलीकडून पोच येईपर्यंत थांबायचं, आणि पोच आली नाही तर पुन्हा पाठवायचं. नव्या प्रमाणांत अनेकांना एकदम वाटणी करून देण्याच्या युक्त्या आल्या आहेत, तरी खोक्यावरचा आकडा आणि हातात पडणारा वेग यांच्यात निम्म्याचा फरक पडणं नेहमीचंच.

त्यातही एक अन्याय असतो. १५०० बाइटचं एक पॅकेट म्हणजे १२,००० बिट. शंभर मेगाबिटनं बोलणारं उपकरण ते ०.१२ मिलिसेकंदात उरकतं. दूरच्या खोलीत, भिंतीआड पडलेलं आणि जेमतेम एक मेगाबिटनं बोलणारं उपकरण तेवढ्याच पॅकेटला १२ मिलिसेकंद हवा अडवून धरतं, म्हणजे शंभर पट. घरातल्या एका कोपऱ्यातला जुना फोन अख्ख्या घराचं वाय-फाय संथ करू शकतो तो असा. हॉलमध्ये राउटरशेजारी बसलेल्याला वाटतं आपली रेंज तर पूर्ण आहे, मग अडतंय कुठे?

आणि शेजारी असतातच. आपल्याकडे २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाला. तो आहे एकूण ८३.५ मेगाहर्ट्झ रुंद, आणि एका साध्या चॅनेललाच त्यातले वीसेक मेगाहर्ट्झ लागतात. यादीत तेरा चॅनेल दिसत असले तरी ती एकमेकांत घुसलेली आहेत. अगदी स्वतंत्र अशी तीनच बसतात, १, ६ आणि ११. मुंबई-पुण्यातल्या सोसायटीत एका मजल्यावर चार बिऱ्हाडं, वर-खाली तितकीच, प्रत्येकाकडे राउटर, म्हणजे तीन चॅनेलमध्ये डझनभर सभा. शिवाय स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह २.४५ गिगाहर्ट्झवरच चालतो आणि त्यातून थोडी गळती होतेच. यूएसबी ३ ची हार्ड डिस्कसुद्धा याच पट्ट्यात गोंगाट करते. इंटेलनं २०१२ मध्ये त्यावर सविस्तर टिपण काढलं होतं. वायरलेस माउसचा डोंगल हार्ड डिस्कच्या शेजारी खुपसला की माउस अडखळतो, त्याचं कारण हेच.

पाच गिगाहर्ट्झचा पट्टा २०१८ मध्ये आपल्याकडे ६०५ मेगाहर्ट्झपर्यंत मोकळा झाला, म्हणजे सातपटीहून जास्त जागा. राउटरवर दोन नावं दिसत असली तर पाचवालं निवडावं, हा सल्ला एका खोलीपुरता अगदी बरोबर आहे. भिंती मध्ये आल्या की तो बदलतो, कारण पाच गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतीत जास्त खर्च होतात. पुण्यातल्या जुन्या वाड्याची हातभर जाडीची भिंत किंवा कोकणातल्या घराचा जांभा दगड, दोन्हींपुढे त्यांचं फारसं चालत नाही. पावसाळ्यात भिंत भिजली की आणखीच कमी. लोखंडी कपाटामागे राउटर ठेवणं तर स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणं.

म्हणून जो संगणक जागचा हलत नाही त्याला वायर द्यावी, हे माझं सरळ मत. टेबलावरचा पीसी, टीव्ही, प्रिंटर ही मंडळी वायरवर गेली की त्यांची स्वतःची सोय होते आणि हवेतली गर्दीही कमी होते. वेगापेक्षाही वायरचा खरा फायदा सातत्यात आहे. राउटरपर्यंत जाऊन परत यायला वायरवर मिलिसेकंदाहूनही कमी वेळ लागतो आणि दर वेळी जवळपास तेवढाच लागतो. वाय-फायवर तो दोन मिलिसेकंद असतो, मध्येच ऐंशी होतो आणि पुन्हा दोन. सिनेमा पाहताना हे कळत नाही, कारण पुढचा भाग आधीच उतरवून ठेवलेला असतो. ऑनलाइन मुलाखतीत मात्र आवाज तुटतो.

वायरवर डोळे मिटून विसंबू नये, एवढं मात्र सांगायला हवं. इथरनेटच्या केबलमध्ये आठ तारा असतात, दोन-दोन पिळून केलेल्या चार जोड्या. शंभर मेगाबिटला यातल्या दोनच जोड्या लागतात, गिगाबिटला चारही. आता समजा क्रिंपिंग करताना एक तार नीट बसली नाही, किंवा दाराच्या फटीत केबल चेंगरून एक तार तुटली. जोडणी बंद पडेल का? बऱ्याचदा नाही. दोन्ही टोकं आपसात ठरवून गुपचूप शंभरवर उतरतात आणि दिवा पूर्वीसारखाच लुकलुकत राहतो. तीनशे मेगाबिटचं कनेक्शन घेतलेला गृहस्थ मग नेटवाल्याला फोन करकरून दमतो. वेग मोजला की दर वेळी ९४-९५ च्या आसपास आकडा येतो. असा आकडा दिसला की दोष पहिल्यांदा केबलमध्ये शोधावा. विंडोजमध्ये त्या जोडणीच्या ‘स्टेटस’ खिडकीत वेग लिहिलेला असतो. तिथे १ जीबीपीएसऐवजी १०० एमबीपीएस दिसलं की निदान झालं.

बाजारात मिळणाऱ्या केबलचीही एक मेख आहे. स्वस्त केबलींमध्ये बऱ्याचदा अ‍ॅल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा मुलामा दिलेला असतो आणि वेष्टनावर मात्र कॅट ६ छापलेलं असतं. प्रमाणाला शुद्ध तांबंच लागतं. अ‍ॅल्युमिनियमचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त असतो आणि वारंवार वाकवलं की तार तुटते. ब्लेडनं तार खरवडून पाहावी. आत चांदीसारखा रंग दिसला तर केबल परत करावी. चांगल्या केबललाही शंभर मीटरची मर्यादा आहे, आणि ती गाठायला मोठी इमारतच लागते.

या तारेचा आपल्याकडे एक खास शत्रू आहे, तो म्हणजे वीज. फायबर घरोघरी येण्याआधीच्या काळात केबलवाला एका इमारतीच्या गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर इथरनेटची केबल लोंबकळत न्यायचा, आणि वळवाच्या पावसात जवळपास वीज पडली की त्या ओळीतल्या अर्ध्या घरांची पोर्टं जळायची. पोर्टात संगणक आणि केबल यांना अलग ठेवणारा छोटा ट्रान्सफॉर्मर असतो, पण तो अशा धक्क्यासाठी केलेला नाही. काचेच्या तंतूतून प्रकाश जातो, वीज जात नाही, त्यामुळे फायबरनं हा धोका पुष्कळ कमी केला. राउटरला वीज पुरवणाऱ्या ॲडॅप्टरवाटे येणारा धक्का तेवढा शिल्लक आहे.

आता पुन्हा त्या आंधळेपणाकडे. वाय-फायच्या काड्या पूर्ण असतात आणि पान उघडत नाही, याचा राग प्रत्येकानं काढला आहे. काड्या दाखवतात त्या राउटर आणि लॅपटॉप यांच्यामधल्या सिग्नलच्या. हा सिग्नल डीबीएममध्ये मोजतात आणि आकडा उणे असतो; वजा ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल सुरळीत चालतात, वजा ८० च्या पुढे रडगाणं सुरू होतं, आणि दर दहा अंकांना शक्ती दहा पटींनी घटते. राउटरच्या मागची फायबर रस्त्याच्या खोदकामात तुटली असली तरी काड्या पूर्णच राहणार. त्या खोटं बोलत नाहीत. आपणच त्यांना भलता प्रश्न विचारतो.

म्हणून बिघाड शोधताना एकेक टप्पा पुढे जावं. आधी संगणकाला पत्ता मिळाला का ते पाहावं. हे पत्ते राउटर वाटतो, डीएचसीपी या पद्धतीनं आणि ठरावीक मुदतीच्या करारानं. घरगुती पत्ता बहुधा १९२.१६८ नं सुरू होतो. त्याऐवजी १६९.२५४ दिसत असेल तर राउटरकडून उत्तरच आलेलं नाही आणि संगणकानं स्वतःच स्वतःला पत्ता देऊन वेळ मारून नेली आहे, असं समजावं. विंडोज आणि मॅक दोन्ही असं करतात. अशा वेळी नेटवाल्याला फोन करण्यात अर्थ नाही, गडबड घरातच आहे. पत्ता बरोबर असेल तर राउटरला पिंग करावं, म्हणजे हाक मारून उत्तर येतं का ते पाहावं. राउटर उत्तर देत असेल तर ८.८.८.८ सारख्या बाहेरच्या पत्त्याला. तिथपर्यंत जाता येतं आणि संकेतस्थळांची नावं मात्र उघडत नाहीत, असं झालं तर दोष नावांची निर्देशिका सांभाळणाऱ्या डीएनएसचा.

संगणक बनवणाऱ्यांनाही आपल्या यंत्राचा हा आंधळेपणा ठाऊक आहे. म्हणून त्यांनी त्याला एक काठी दिली. जोडणी लागली की विंडोज मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरून एक इवलीशी फाइल मागवतं, जिच्यात ‘मायक्रोसॉफ्ट कनेक्ट टेस्ट’ एवढेच शब्द असतात. ॲपलची यंत्रं ‘सक्सेस’ लिहिलेलं पान मागवतात. अँड्रॉइड तर कोरं उत्तर मागवतो. अपेक्षित उत्तर आलं तर नेट आहे. काहीच आलं नाही तर नाही. आणि भलतंच पान आलं तर मध्ये कोणीतरी अडवून लॉगिन मागतंय. मुंबई सेंट्रलवर जानेवारी २०१६ मध्ये रेलटेल आणि गूगलचं मोफत वाय-फाय सुरू झालं, तेव्हापासून स्टेशनावर मोबाइल नंबर आणि ओटीपी मागणारं जे पान आपोआप वर येतं, ते असंच सापडतं. ते पान कधीकधी वर येत नाही, कारण आपण उघडायला जातो ते सुरक्षित संकेतस्थळ मधल्या माणसाला आपली जागा घेऊ देत नाही. अशा वेळी साध्या एचटीटीपीचं एखादं पान उघडून पाहिलं की लॉगिन समोर येतं.

नेटवर्कमॅनेजर या काठीचा आणखी चांगला उपयोग करतो. चाचणी नापास झाली तर त्या जोडणीच्या मेट्रिकमध्ये तो २०,००० मिळवतो. म्हणजे वायरचा १०० चा २०,१०० होतो, वाय-फायचा ६०० लहान ठरतो आणि वाहतूक आपोआप तिकडे वळते. सगळ्या लिनक्समध्ये ही चाचणी मुळातच चालू असते असं नाही. काहींना दर थोड्या वेळानं बाहेर चौकशी करणं खासगीपणाच्या दृष्टीनं पटत नाही, आणि त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. हा कार्यक्रम रेड हॅटमध्ये २००४ साली सुरू झाला आणि त्याच वर्षी फेडोरा कोअर ३ मध्ये आला. त्याआधी लिनक्सवाल्या लॅपटॉपधारकाला घरातून कचेरीत गेलं की फायली उघडून हातानं पत्ते बदलावे लागत. नेटवर्कमॅनेजरनं लावलेली एक शिस्त लक्षात ठेवण्यासारखी आहे: उपकरण वेगळं आणि जोडणी वेगळी. एकाच वायरच्या पोर्टासाठी ‘घर’, ‘कचेरी’, ‘प्रयोगशाळा’ अशा तीन जोडण्या जपून ठेवता येतात, प्रत्येकीचे पत्ते, डीएनएस आणि प्राधान्य वेगळं.

या शिस्तीची खरी गरज कचेऱ्यांत पडते. सरकारी कार्यालयं, बँका, रुग्णालयं, कारखाने इथे टेबलावर येणारी वायर बहुधा आतल्या नेटवर्कची असते. तिथून आतली कामं होतात, इंटरनेट मिळत नाही किंवा मोजकंच मिळतं. मग ईमेल पाहण्यासाठी कोणीतरी फोनचं हॉटस्पॉट लावतं आणि कोड्यात पडतं. हॉटस्पॉट जोडलेलं दिसतंय, पान उघडत नाही. वायर उपटली की उघडतं, पण मग आतलं काम बंद. कारण तोच आकडा. बाकीच्या जगाकडे जाण्याचा रस्ता आपल्याकडेच आहे असं वायर सांगते, संगणक तिच्यावर विश्वास ठेवतो आणि सगळी पॅकेटं एका बंद गल्लीत पाठवत राहतो.

उपटाउपटी न करता याचा निकाल लावता येतो. वायरकडून ‘बाकीचं जग’ काढून घ्यायचं आणि तिला फक्त तिचा मुलूख ठेवायचा. नेटवर्कमॅनेजरच्या सेटिंगमध्ये, ‘ही जोडणी फक्त तिच्याच नेटवर्कमधल्या साधनांसाठी वापरा’ अशा अर्थाची एक चौकट असते. तिच्यावर खूण करायची. विंडोजमध्ये वायरच्या सेटिंगमधला डीफॉल्ट गेटवे काढायचा आणि आतल्या पत्त्यांसाठी, समजा १० नं सुरू होणाऱ्या सगळ्यांसाठी, कायमचा रस्ता वेगळा लिहायचा. अशी नेमकी नोंद असली की ती नेहमी डीफॉल्टच्या आधी लागू होते, तिथे मेट्रिक कामाला येत नाही. रस्ते असे वाटले तरी नावांचा घोळ उरू शकतो, कारण आतल्या सर्व्हरची नावं बाहेरच्या डीएनएसला माहीत नसतात.

तांत्रिकदृष्ट्या हे सोपं आहे म्हणून कोणीही करावं असं मात्र मी म्हणणार नाही. आतलं नेटवर्क बंद ठेवलेलं असतं ते मुद्दाम. एकाच संगणकाला आतली वायर आणि बाहेरचं हॉटस्पॉट एकदम लागलं, की त्या संगणकात शिरलेल्या घुसखोराला आत जायचा पूल मिळतो. बऱ्याच संस्थांमध्ये वायर लागली की वाय-फाय आपोआप बंद व्हावं अशी व्यवस्था केलेली असते ती यासाठीच. आयटी विभागाला न विचारता ती मोडू नये.

हॉटस्पॉट वापरणाऱ्यानं ‘मीटर्ड’ हे बटण ओळखून असावं. ते लावलं की विंडोज मोठे अपडेट थांबवून धरतं आणि दिवसाचा डेटा सकाळी दहालाच संपत नाही. इथेही यंत्रांनी एक खुणेची भाषा ठरवली आहे: अँड्रॉइड फोन हॉटस्पॉटवरून पत्ता वाटताना ‘ही जोडणी मोजून वापरायची आहे’ अशी चिठ्ठीही देतो, आणि नेटवर्कमॅनेजर ती वाचतो. आणि एक, जुन्या लॉजची, कॅफेंची बिनपासवर्डची नावं लॅपटॉपच्या यादीत असतील तर ‘फरगेट’ करून टाकावीत. उघड्या नेटवर्कच्या बाबतीत लॅपटॉप नावावरच भुलतो. त्याच नावाचं खोटं वाय-फाय कोणी उभं केलं तर तो आपणहून जोडला जाऊ शकतो.

राहता राहिला प्रश्न चालू कामात जोडणी बदलण्याचा. मीटिंग चालू आहे, वाय-फाय रडतंय, कोणीतरी वायर आणून देतं. लावावी का? लावायला हरकत नाही, पण वायर आणि वाय-फाय यांचे पत्ते वेगळे आहेत हे विसरू नये. टीसीपी या संभाषणपद्धतीतली प्रत्येक जोडणी दोन्ही टोकांच्या पत्त्यांना बांधलेली असते. एक पत्ता बदलला की ती जोडणी मेली. म्हणून वायर लावल्यावर आधी सुरू झालेल्या जोडण्या बहुधा वाय-फायवरच राहतात आणि नव्या सुरू होतात त्या वायरवर. वायर लागली म्हणून लगेच वाय-फाय बंद केलं, तर आहे तो कॉलही तुटतो. ॲप काही सेकंदांत पुन्हा जोडून घेतं, पण तेवढ्यात आपलं वाक्य हवेत विरतं.

ही अडचण सोडवण्याचे दोन मार्ग आज प्रत्यक्ष वापरात आहेत. ॲपलनं २०१३ मध्ये सिरीसाठी एकाच संभाषणाला दोन रस्ते देणारं मल्टिपाथ टीसीपी वापरायला सुरुवात केली, म्हणजे एक रस्ता तुटला तरी संभाषण दुसऱ्यावरून चालू राहतं. मे २०२१ मध्ये प्रमाणित झालेला क्विक हा प्रोटोकॉल संभाषणाला पत्त्यांऐवजी स्वतःचा वेगळा ओळखक्रमांक देतो, त्यामुळे पत्ता बदलला तरी पलीकडचा सर्व्हर आपल्याला ओळखू शकतो. दोन्हींसाठी पलीकडच्या टोकानंही तयारी केलेली असावी लागते, आणि सगळ्यांनी ती केलेली नाही. तोपर्यंत वायर मीटिंगला बसण्याआधी लावावी, ‘जॉइन’चं बटण त्यानंतर दाबावं, आणि ती उपटायची झाली तर सगळे निरोप घेईपर्यंत थांबावं.